‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका
घरातल्या बुजुर्गांची कमजोरी कशी ओळखावी आणि कशी सावरावी

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मोहल्ल्यात एखाद्या घरातल्या दादी-नानीची चौकशी करा. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : "अब उमर हो गई." शेजारच्या पाटलांच्या आजीबद्दल विचारलं तर तेच मराठीत ऐकू येतं : "आता वय झालं." हे प्रेमानंच म्हटलं जातं. अडचण एवढीच की या एका वाक्यावर सगळी चौकशी थांबते. फजरला मशिदीत जाणारे अब्बा हल्ली घरीच नमाज पढतात. अम्मांच्या हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जातात. दळणाचा डबा उचलताना त्यांचा हात थरथरतो. जिन्याच्या पाच पायऱ्या चढून त्या मध्येच थांबतात. घरातल्या सगळ्यांना हे दिसतं, आणि सगळे ते वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होतात.

वयाबरोबर ताकद थोडी कमी होते, हे खरं. पण शेजारशेजारच्या दोन घरांतली पंचाहत्तरीची दोन माणसं पाहा. एक बाजारातून भाजी घेऊन चालत येतात, दुसऱ्यांना न्हाणीघरापर्यंत जायला हात द्यावा लागतो. वय दोघांचं तेच. या फरकाला वैद्यकशास्त्रात नाव आहे, ‘फ्रेल्टी’. आपण तिला कमजोरी म्हणू. मात्र ही दोन दिवसांच्या तापानंतर येते तशी कमजोरी नव्हे. शरीरातली राखीव ताकदच आटत जाण्याची ही अवस्था आहे. ती ओळखता येते, मोजता येते आणि वेळेवर लक्ष दिलं तर बऱ्याच अंशी मागेही फिरवता येते.

आटत चाललेली विहीर

माण, खटाव, आटपाडी, जत या भागातल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. दोन विहिरी असतात. एकीला खोल पाणी असतं. एखादा पाऊस हुकला तरी ती मे महिना काढते. दुसरी वरून तशीच दिसते, पण पाणी तळाला गेलेलं असतं. आठवडाभर ऊन वाढलं की ती कोरडी पडते. कमजोर झालेल्या बुजुर्गांचं शरीर या दुसऱ्या विहिरीसारखं असतं. रोजचं कसंबसं भागतं. मग दोन दिवस जुलाब होतात, साधा खोकला येतो, रक्तदाबाची गोळी बदलते किंवा मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि चालतं-फिरतं माणूस खाटेला खिळतं. घरचे म्हणतात, "काही नव्हतं हो, दोन जुलाबांनी एवढं झालं." जुलाब निमित्त झाले. पाणी त्याआधीच तळाला गेलेलं होतं.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे साडेआठ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होतं. सातारा-सांगलीतून तर पिढ्यान् पिढ्या कमावती मुलं मुंबईला, पुण्याला आणि आता आखाती देशांत जात आली आहेत. मागे घरात उरतात ती म्हातारी माणसं, अनेकदा एकटी विधवा आई.

आपल्या समाजातले बुजुर्ग बहुतेक हाताच्या ताकदीवर जगलेले आहेत. फळांची गाडी ढकलणारे बागवान, गादी पिंजणारे नदाफ, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे शिकलगार, बांगड्या भरणारे मणेर, मिरजेत भोपळा कोरून सतार-तंबोरे घडवणारे कारागीर. या माणसांच्या मुठीतली ताकद गेली की कमाई जाते आणि घरातला त्यांचा शब्दही हलका होतो. म्हणून ते कमजोरी बोलून दाखवत नाहीत. ती आपल्यालाच ओळखावी लागते.

पाच खुणा

अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कमजोरीच्या पाच खुणा मांडल्या. जगभरचे वृद्धरोगतज्ज्ञ आजही त्या वापरतात.

पहिली : प्रयत्न न करता वजन घटणं. वर्षभरात साडेचार किलो किंवा एकूण वजनाच्या पाच टक्के घट ही धोक्याची सूचना. घरात वजनकाटा नसेल तर सैल झालेली शेरवानी, कमरेवरून घसरणारी सलवार आणि ढिल्या बांगड्या सांगतात.

दुसरी : सततचा थकवा. ‘काही करावंसं वाटत नाही’, ‘प्रत्येक काम ओढून न्यावं लागतं’ असं आठवड्यातले तीन-चार दिवस वाटत राहणं.

तिसरी : मुठीची पकड सैल होणं. बरणीचं झाकण उघडत नाही, ओला टॉवेल पिळता येत नाही, भरलेली कळशी सुटते.

चौथी : चाल मंदावणं. सोबत चालताना आपल्याला पुन्हा पुन्हा थांबावं लागतं.

पाचवी : हालचाल कमी होणं. बाजार, मशीद, नातेवाइकांकडे जाणं, गच्चीवर जाणं एकेक करून बंद होतं.

यातल्या तीन किंवा जास्त खुणा असतील तर ती कमजोरी. एक किंवा दोन असतील तर कमजोरीच्या उंबरठ्यावरची अवस्था. या उंबरठ्यावर घरच्यांचं लक्ष सगळ्यात जास्त कामाला येतं, कारण इथून माणूस सहज परत फिरू शकतं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयी देशभर मोठी पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांच्या या पाहणीत प्रश्न विचारून थांबले नाहीत. मुठीची पकड आणि चालण्याचा वेगही मोजला. डॉक्टरांच्या लेखी या दोन गोष्टी रक्तदाबाइतक्याच मोलाच्या आहेत, हे त्यावरून लक्षात यावं.

घरच्या घरी चार तपासण्या

यासाठी यंत्र लागत नाही. मोबाइलमधलं घड्याळ पुरेल. तपासणी करताना जवळ एक धडधाकट माणूस उभं असावं.

खुर्चीची तपासणी. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बुजुर्गांना दोन्ही हात छातीवर बांधून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, किंवा हाताचा आधार घ्यावाच लागला, तर पायांची ताकद कमी झाली आहे.

फरशीची तपासणी. घरात दोन फुटांच्या फरश्या असतील तर दहा फरश्या म्हणजे वीस फूट, साधारण सहा मीटर. नेहमीच्या चालीनं हे अंतर चालायला सहा सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर आशियाई तज्ज्ञांच्या निकषानुसार चाल मंद आहे.

उठून फिरून येण्याची तपासणी. खुर्चीतून उठायचं, दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे.

पोटरीची तपासणी. जपानमध्ये ही घरोघर शिकवतात. खुर्चीत बसून स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून कडं करा आणि ते पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरा. कडं पुरलं नाही तर चांगलं. कडं सैल राहून मध्ये फट पडत असेल तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी.

आपल्या घरांत आणखी एक खूण रोज पाच वेळा डोळ्यांसमोर असते. सजद्यातून उठताना अब्बा पूर्वी सरळ उठायचे. आता जमिनीवर दोन्ही हात रेटून, मग गुडघ्यावर हात ठेवून उठतात. काही दिवसांनी नमाज खुर्चीवर सुरू होते. खुर्चीवर नमाज पढण्यात गैर काहीच नाही. शरीर साथ देत नसेल तर दीननं ती सवलत दिलेली आहे. पण ती कधीपासून सुरू झाली आणि का, हे घरच्यांनी विचारायला हवं. गुडघा दुखतो म्हणून, की मांडीत ताकद उरली नाही म्हणून? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मुलगा परगावी असेल तर

मुंबईहून किंवा रियाधहून दर जुम्म्याला फोन येतो. "अम्मा, तबियत कैसी है?" "अच्छी हूँ बेटा." फोन संपतो. आई मुलाला काळजीत टाकणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून प्रश्न बदलावेत. आज कुठवर चालत गेलात? दुपारी ताटात काय काय होतं? गेल्या महिन्यात कुठे तोल गेला का? अंघोळीला कुणाचा हात लागतो का? गोळ्या किती उरल्या आहेत? व्हिडिओ कॉल असेल तर खुर्चीतून उठून पाणी घेऊन या म्हणावं आणि त्या कशा उठतात ते पाहावं. पाच मिनिटांत ‘अच्छी हूँ’च्या मागचं कळतं.

आधी कारण शोधा

कमजोरी दिसली की घरचे टॉनिक आणतात. त्याआधी कारण शोधायला हवं, कारण अनेकदा ते बरं होण्यासारखं असतं. आपोआप वजन घटत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. क्षयरोग, थायरॉइड, वाढलेली साखर, कर्करोग, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. रक्त कमी असणं, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची उणीव, मूत्रपिंडाचा विकार, यांनीही माणूस गळून जातं. या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात.

काही कारणं तपासणीच्या कागदावर येत नाहीत. दात पडले म्हणून मटण आणि भाकरी सुटली. कवळी टोचते म्हणून ती डबीत पडून आहे. ऐकू येत नाही म्हणून चारचौघांत बसणं सुटलं. मोतिबिंदूमुळे संध्याकाळी बाहेर पडायची भीती वाटते. लघवी आवरत नाही म्हणून लग्नाला जाणं बंद झालं, आणि त्याच भीतीनं पाणी पिणंही कमी झालं. शौहर गेल्यापासून जेवायचीच इच्छा नाही. हे शेवटचं कारण दुःखाचं आहे, पण महिनोन् महिने टिकलेली उदासी हा आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार होतात.

मग औषधांची पिशवी. शुगरची एका डॉक्टरांची, रक्तदाबाची दुसऱ्यांची, गुडघ्याची मेडिकलमधून आणलेली, झोपेची शेजारणीनं दिलेली, हकीमसाहेबांची पुडी वेगळी. वर्षातून दोनदा ही सगळी पिशवी एकाच डॉक्टरांसमोर रिकामी करावी आणि विचारावं, यातली कुठली आता लागत नाही? झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो. वेदनेच्या गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाबाची मात्रा जास्त झाली तर उठताक्षणी डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा तरुण रुग्णासाठी सातच्या खाली ठेवतात. कमजोर बुजुर्गांसाठी तो आठपर्यंत चालतो, कारण त्यांना वाढलेल्या साखरेपेक्षा अचानक खूप उतरलेली साखर लवकर घात करते. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

सलाईनची बाटली आणि एक भाकरी

आपल्याकडे कमजोरीवर हमखास उपाय म्हणजे सलाईन. "एक बाटली लावा, जरा ताकद येईल." अर्ध्या लिटरच्या साध्या ग्लुकोज सलाईनमध्ये पंचवीस ग्रॅम साखर असते, शंभर कॅलरीही धड नाहीत. ज्वारीच्या एका भाकरीत याच्या दुप्पट ऊर्जा असते, शिवाय प्रथिनं असतात. शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर सलाईन जीव वाचवते. ताकद मात्र तिच्यानं येत नाही.

मग ताकद कशानं येते? अमेरिकेतल्या डॉ. मारिया फियातारोन यांनी १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. १९९४ मध्ये त्यांनी शंभर कमजोर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. त्यांचं सरासरी वय सत्त्याऐंशी होतं. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चाल सुधारली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पौष्टिक पेय दिलं, त्यांना काही फायदा झाला नाही. पावडरच्या डब्यावर दरमहा हजार रुपये घालणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावं.

उलट बाजूही मोजली गेली आहे. २००७ च्या एका अभ्यासात साठीपुढच्या धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहा दिवसांत पायांतला जवळपास एक किलो स्नायू झडला. ‘अब्बांना उठू देऊ नका, आराम करू द्या’ हा प्रेमाचा सल्ला किती महाग पडू शकतो, ते यावरून कळतं. ताप उतरला, डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, तर त्याच दिवशी खुर्चीत बसवावं, दाराशी नेऊन आणावं.

रोजचा व्यायाम असा

खुर्चीतून उठणं-बसणं पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ; जमेल तसं दहापर्यंत. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा वर उचलणं, दहा वेळा. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर-खाली. ओला नॅपकिन पिळणं, मुठीसाठी. भिंतीला हात लावून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून दहा सेकंद उभं राहणं, तोलासाठी. आणि रोजचं चालणं, थोडं थोडं वाढवत.

जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सांगते. व्यायाम करताना छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावं. हृदयविकार असेल तर आधी विचारून सुरुवात करावी. नमाजमध्ये उभं राहणं, वाकणं, उठणं-बसणं होतं आणि सांधे हलते राहतात, पण ताकद वाढवायला वेगळा व्यायाम लागतोच. खुर्चीवर नमाज पढणाऱ्यांना तर तो जास्तच हवा.

हज-उमऱ्याची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आयुष्यभर पै-पै जमवून माणूस पासष्टी-सत्तरीत निघतो. कपडे, बॅगा, दुआंची किताब सगळं तयार असतं, पायांची तयारी मात्र राहून जाते. तिथं रोज कित्येक किलोमीटर चालावं लागतं, तेही उन्हात आणि गर्दीत. निघण्याच्या निदान चार महिने आधी हा व्यायाम सुरू केला तर तवाफ-सई आपल्या पायांनी करण्याची आशा वाढते.

ताटात काय असावं

साठीनंतर शरीराला प्रथिनं जास्त लागतात, आणि नेमकी तीच ताटातून कमी होतात. तज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या आजींना पन्नास-साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आता आपल्या घरांत पाहा. सकाळी चहा-खारी, दुपारी आमटीच्या पाण्यात कुस्करलेली अर्धी भाकरी, रात्री पुन्हा चहा आणि बटर. यात पंचवीस ग्रॅमही जमत नाहीत. मटण शिजलं तरी तुकडे मुलांच्या ताटात आणि दादीला शोरबा. शोरब्यात चव असते, प्रथिनं मात्र मांसात राहतात. दात नसतील तर खिमा करावा, मांस बारीक कुस्करावं. मोहर्रमला घरोघर होणारा खिचडा दात नसलेल्यांसाठी उत्तम जेवण आहे : गहू, डाळी, मांस, सगळं मऊ शिजलेलं. मीठ-तेल बेतानं घालून तो आठवड्यातून एकदा करायला काय हरकत आहे?

एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. शेंगदाण्याचं कूट आमटीत आणि चटणीत जातं. माणदेशी हुलग्याचं माडगं, मऊ शिजवलेली मूगडाळ, दही, बेसनाचं पिठलं, सगळं चालतं. ही प्रथिनं तिन्ही जेवणांत विभागून द्यावीत. आणि घरातल्या मोठ्या बाईंनी सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाण्याची रीत आता बंद व्हावी. दस्तरखानवर त्यांचं ताट आधी वाढावं.

रमजानबद्दल. म्हातारपणानं किंवा आजारानं रोजा झेपत नसेल तर दीननं सूट दिली आहे. बरं होण्याची आशा नसेल तर फिदिया आहे. तरी अनेक बुजुर्ग ‘इतकी वर्षं सोडला नाही’ म्हणून ठेवतात, मधुमेहाच्या गोळ्या मनानं मागेपुढे करतात आणि दुपारी साखर उतरून कोसळतात. रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांशी आणि आपल्या आलिमांशी बोलून घ्यावं. सूट घेणं म्हणजे ईमान कमी पडणं नव्हे, हे त्यांना घरातल्या लेकरांनी नाही, इमामसाहेबांनी सांगितलं तर ते लवकर पटतं.

पडणं टाळा

ओली फरशी, आणि वुजूसाठी एक पाय उचलून बेसिनमध्ये धुणं, यात तोल जातो. घरात वुजूला बसायला मोरीत एक भक्कम स्टूल आणि भिंतीला पकडायला दांडा लावावा. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर छोटा दिवा असावा. दुमडणाऱ्या सतरंज्या काढाव्यात. चपला मागे पट्टा असलेल्या घ्याव्यात. ओढत चालायच्या सपाता नकोत. शक्य तिथे कमोड बसवावा. हे सगळं काही हजारांत होतं. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनला लाखाच्या घरात खर्च येऊ शकतो, आणि त्यानंतर अनेकजण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

कृष्णाकाठच्या घरांसाठी आणखी एक. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगलीकरांनी पाहिले आहेत. पाणी वाढू लागलं की पंधरा मिनिटांत घर सोडावं लागतं, आणि अडकतं ते चालू न शकणारं माणूस. पावसाळ्याच्या तोंडी ठरवून ठेवावं : दादीला कोण उचलणार, कुठल्या नातेवाइकाकडे नेणार, आणि आठवड्याची औषधं व कागदपत्रं कुठल्या पिशवीत आहेत. पाण्याची बातमी येताच त्यांना आधी हलवावं.

मदत कुठे मिळेल

गावातली आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र इथून सुरुवात करावी. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांच्या तपासणीची चौकशी करावी. साताऱ्यात जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीत सिव्हिल, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल, कराडला कृष्णा रुग्णालय. मोठं ऑपरेशन ठरत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावं : यांची ताकद हे सोसेल का? आधी महिनाभर खाणं-व्यायाम करून मग केलं तर?

सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचाराचं संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळतं. त्यासाठी आधार कार्ड लागतं. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची यांसाठी पासष्टीपुढच्या कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत तीन हजार रुपये एकदा मिळण्याची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठीची देशव्यापी मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे.

जमातीनं काय करावं

मशिदीच्या ट्रस्टींना एक विनंती. वुजूखान्यात न घसरणारी फरशी, धरायला दांडे, दोन-चार उंच बैठका, दारात उतार आणि एक कमोड एवढं केलं तर घरी बसलेले कितीतरी बुजुर्ग पुन्हा जमातीत येतील. रोजचं ते येणं-जाणं, चार माणसांशी बोलणं हेही औषधच आहे. वर्षातून दोनदा जुम्म्यानंतर तासभर खुर्चीची तपासणी, वजन आणि रक्तदाब पाहण्याचा उपक्रम ठेवावा. मोहल्ल्यातला एखादा डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपी शिकणारी मुलगी यासाठी नक्की मिळेल. बायका मशिदीत येत नाहीत तिथं हेच काम बचत गटाच्या बैठकीत किंवा एखाद्या घरी व्हावं. एकट्या राहणाऱ्या बायका मोहल्ल्यात किती आहेत, याची यादी तरी प्रत्येक जमातीकडे असावी.

कुरआननं माणसाच्या आयुष्याचा प्रवास दुबळेपणाकडून ताकदीकडे आणि पुन्हा दुबळेपणाकडे होतो असं सांगितलं आहे, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे त्रासून एक शब्दही न काढण्याची ताकीद दिली आहे. त्या खिदमतीत आता वजनकाटा, खुर्ची आणि दोन अंडीही आली, असं समजावं.

येत्या जुम्म्याला जेवणाआधी घरातली हात नसलेली खुर्ची भिंतीला लावा. अब्बांना, अम्मांना पाच वेळा उठा-बसायला सांगा आणि सेकंद मोजा. आकडा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.